दहा ट्रेकर, एक प्रोजेक्टर: छोट्या अ‍ॅडव्हेंचर फिल्मचा फेस्टिवल कसा भरवायचा

गेल्या महिन्याभरात तिघांनी फोन करून विचारलं की दादा आम्हालाही आमच्याकडे असा फेस्टिवल करायचाय, कसं करता तुम्ही, आणि तिघांनाही तासतासभर तेच सांगून घसा बसला म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. आम्ही पुण्यातले, ट्रेकिंगच्या ग्रुपमधले दहा-बारा जण, कुणी बँकेत, कुणी आयटीत, एकाचं मेडिकलचं दुकान. पगारी माणूस एकही नाही. वर्षातून एक संध्याकाळ, दहा-बारा छोट्या फिल्म, क्लाइंबिंग, पॅराग्लायडिंग, कयाकिंग, ट्रेल रनिंग, जे काय चांगलं येईल ते. सहा वर्षं झाली, माती बऱ्याचदा खाल्लीय, त्यामुळे खालचं सगळं पुस्तकातलं नाहीये.

आधी तारीख ठरवा, हॉल नंतर. लोक उलटं करतात, हॉल कधी रिकामा आहे ते बघून तारीख टाकतात आणि मग लक्षात येतं की ज्यांच्यासाठी करतोय तेच डोंगरात गेलेत. जून ते सप्टेंबर शनिवार-रविवारी आपल्याकडे ट्रेकर घरी सापडत नाही, त्यात मधे गणपती. ऑक्टोबर ते फेब्रुवारी क्लाइंबिंगवाले तेलबैलाच्या भिंतीला नाहीतर वानरलिंगीच्या सुळक्याला लटकलेले असतात. मे महिन्यात निम्मी पोरं मनालीला नाहीतर उत्तरकाशीला गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला. उरला एप्रिल. कातळाला हात लावला तर चटका बसतो, परीक्षा संपत आलेल्या असतात, आणि एसी हॉलमध्ये दोन तास बसायला माणूस न सांगता तयार होतो. बाहेरचे मोठे फेस्टिवलसुद्धा असलाच सांधा पकडतात, कॅनडातला बॅन्फचा फेस्टिवल १९७६ पासून चालू आहे, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास असतो, म्हणजे कडे चढायला गारठा फार आणि स्कीइंगला बर्फ अजून पुरेसा नाही. इंग्लंडातला केंडलचा, १९८० पासूनचा, तोही नोव्हेंबरात. आपल्याला ११ डिसेंबरचा मोह होतो, जागतिक पर्वत दिन ना, आम्हीही एका वर्षी त्याला लागून आलेल्या शनिवारी ठेवला आणि हॉल अर्धा रिकामा, कारण थंडी झकास पडली होती आणि जे डोंगरावर प्रेम करतात ते डोंगरावरच होते. अजून एक, मुलुंडला जुलैत गिरिमित्र संमेलन असतं, राज्यभरातले डोंगरवाले तिथे भेटतात, त्याच्या आगेमागे तारीख अजिबात टाकू नका. उलट तिथे जा, लोकांशी बोला, निम्म्या फिल्म तुम्हाला तिथल्या चहाच्या रांगेत मिळतील.

फिल्म मागवायला गूगल फॉर्म पुरतो. तारखेच्या चार महिने आधी टाका, दोन महिने उघडा ठेवा, आणि शेवटच्या तीन दिवसांत निम्म्या एन्ट्री येतात हे धरून चाला, पहिल्या महिन्यात पाचच आल्या म्हणून घाबरून मुदत वाढवायची नाही. आमची मर्यादा १२ मिनिटं, नावांच्या पाटीसकट. त्याहून मोठी फिल्म कितीही चांगली असली तरी नको, कारण एक २५ मिनिटांची घेतली की तीन छोट्या पोरांच्या फिल्म बाहेर जातात. फॉर्ममध्ये फक्त बघण्यापुरती लिंक मागा, मूळ फाइल निवड झाल्यावर. आम्ही पहिल्या वर्षी सगळ्यांना मूळ फाइलच पाठवायला सांगितल्या आणि ड्राइव्हची फुकटातली १५ जीबी दुसऱ्या दिवशी भरली, मग लोकांच्या फाइल अर्ध्यात अडकल्या, मग लोकांनी फोन करून आम्हालाच झापलं. फॉर्ममध्ये नाव-गाव-मिनिटं सोडून चार प्रश्न हवेतच: संगीत कुठून घेतलं, ड्रोन वापरला का आणि परवानगी होती का, शूटिंग अभयारण्यात किंवा किल्ल्यावर झालंय का, आणि शूटिंगमध्ये कुणाला लागलं का. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक लोक खरं उत्तर देतात, मलाही आधी वाटलं नव्हतं.

आता निवड. यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि मैत्र्याही यातच तुटतात.

प्रत्येक फिल्म तिघांनी बघायची, वेगवेगळी, एकमेकांशी न बोलता, आणि तिघांतला एक डोंगराशी काडीचा संबंध नसलेला हवा. आमच्याकडे माझी थोरली बहीण आहे. तिला ज्युमार आणि कॅरॅबिनर या दोराच्या चढाईतल्या साध्या साधनांमधला फरक कळत नाही, आणि म्हणूनच ती जिथे मोबाइल हातात घेते तिथे समजायचं की फिल्म फक्त आपल्या टोळक्यापुरती आहे. ताई निर्दय आहे. एका फिल्मपुढे तिने नुसतं लिहिलं होतं, "हा मुलगा वर का जातोय ते त्यालाही माहीत नाही." फिल्म परत बघितली तर खरंच तसंच होतं.

काय काय बघून कंटाळा येतो ते सांगतो, म्हणजे फिल्म करणाऱ्यांनाही उपयोग होईल. पहिल्या वीस सेकंदांत ग्रुपचा लोगो गोल फिरत येतो. मग ढगातून वर येणारा ड्रोन. मग ढोल, मग भारदस्त आवाजात सह्याद्रीचं कौतुक, आणि दोन मिनिटं झाली तरी माणूस एकही नाही. मी तर फॉर्मच्या खाली लिहूनच टाकलं होतं की ड्रोन दहा सेकंदांच्या वर नको. याउलट सगळ्यात जास्त टाळ्या आजवर ज्या फिल्मला पडल्या ती साडेसहा मिनिटांची, जवळजवळ सगळी एका मोबाइलवर काढलेली. एक मुलगी एका सुळक्यावर एकाच जागी तीनदा पडते, प्रत्येक वेळी दोर तिला झेलतो, चौथ्यांदा हात लावते, वर बघते, आणि म्हणते "आज नको", आणि खाली येऊन डबा उघडते. डब्यात भाकरी आणि ठेचा. बस. हॉलमधल्या प्रत्येकाला तो "आज नको" कधी ना कधी म्हणावा लागलाय किंवा म्हणायचा राहून गेलाय.

आणि एक गोष्ट ज्यावर आम्ही अजिबात मागे हटत नाही. हेल्मेट नाही, बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणारा, मोबाइलमध्ये बघतोय, पावसाळ्यात धबधब्याच्या तोंडाशी उभं राहून हात पसरलेत, कड्याच्या टोकाला पाय सोडून बसलेत, अशी फिल्म बाहेर. कॅमेरा कितीही भारी असू दे. कारण हॉलमध्ये दोनशे कॉलेजची पोरं असतात, त्यांना समोरचा माणूस पंधरा वर्षं चढतोय हे दिसत नाही, त्यांना फक्त मोठ्या पडद्यावर टाळ्या पडताना दिसतात, आणि पुढच्या रविवारी तीच पोरं तिथे जातात. उतरवून आणायला मग लोणावळ्याच्या शिवदुर्गसारख्या रेस्क्यू टीमची माणसं हातातली कामं टाकून रात्री-बेरात्री पळतात, तीही फुकटातच, आपल्यासारखीच. एका वर्षी अशी बाद केलेली फिल्म माझ्या जवळच्या मित्राची निघाली. वर्षभर बोलला नाही, बहिणीच्या लग्नाला बोलावलं नाही. त्यामुळे सांगतो, नकार मेलवर पाठवू नका, फोन करा आणि नेमकं कारण सांगा, कितव्या मिनिटाला काय दिसतंय ते. शिव्या बसतील पण पुढच्या वर्षी तोच माणूस चांगली फिल्म पाठवेल. (मित्राने पाठवली. लग्न मात्र गेलं ते गेलंच.)

परवानग्यांचं लोक टाळतात, तर तेही बघून घेऊ. फिल्म सार्वजनिक ठिकाणी दाखवायची म्हणजे सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा. फेस्टिवलला त्यातून सूट मागता येते, माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करायचा, फिल्मची यादी, प्रत्येकीचा सारांश, निवड कुणी केली ते, आणि मग त्या फिल्म नाव नोंदवलेल्या प्रेक्षकांनाच दाखवायच्या, रस्त्यावरून येईल त्याला तिकीट फाडून नाही. म्हणून नोंदणी आधी घ्या. या कामाला एक वेगळा माणूस द्या, ज्याला सरकारी कागद वाचताना झोप येत नाही असा, आणि महिने आधी सुरू करा, आठवडे नाही. गंमत म्हणजे ज्या वर्षी आपल्याकडे हा कायदा झाला त्याच वर्षी, १९५२ मध्ये, इटलीत ट्रेंटोला डोंगरावरच्या फिल्मचा फेस्टिवल सुरू झाला, अजून चालू आहे.

ड्रोनचं असं की २०२१ च्या नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो आणि २ किलोपर्यंतचा मायक्रो, यांना हौसेसाठी उडवायला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण म्हणून कुठेही उडवता येतो असं नाही, डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर आपली जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात येते ते बघावंच लागतं. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याला विचारायचं. किल्ला असेल तर तो कुणाकडे आहे ते बघा, रायगड, लोहगड केंद्राच्या पुरातत्त्वकडे, राजगड, साल्हेर राज्याच्या, आणि २०२५ मध्ये हे चारही जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून लक्ष जास्त असतं. आम्ही पोलीस नाही, पण परवानगी नसलेला शॉट पडद्यावर दाखवला की प्रश्न आपल्याला विचारतात, म्हणून तेवढा शॉट काढायला सांगतो. संगीताचंही तेच, सिनेमातलं गाणं उचलून लावलेलं असेल तर बदलून आणा, किंवा नुसता वारा आणि श्वास ठेवा. बहुतेक वेळा फिल्म त्याने सुधारते.

आता आवाज आणि प्रोजेक्टर. इथे नीट वाचा कारण फेस्टिवल पडतो तो इथे, पैशामुळे नाही.

निवड झालेल्यांना एकच फॉरमॅट सांगा: १९२० बाय १०८० ची एमपी४, आवाज स्टिरिओ. स्टिरिओ हा शब्द दोनदा लिहा. तिसऱ्या वर्षी एका पोराने मोठ्या हौसेने ५.१ मध्ये, म्हणजे थिएटरसारखा सहा चॅनलमध्ये, आवाज करून आणला. घरी हेडफोनवर मस्त. हॉलमध्ये फिल्म सुरू झाली, वारा ऐकू येतोय, दोर घासल्याचा आवाज येतोय, पक्षी येतोय, आणि पडद्यावरचा माणूस नुसते ओठ हलवतोय. ५.१ मध्ये बोलणं मधल्या चॅनलला असतं आणि हॉलवाल्याने आमच्या लॅपटॉपमधून फक्त डावा-उजवा घेतला होता. सात मिनिटांची मुलाखत, तीनशे माणसं, आणि एक शब्द नाही. पोरगा पहिल्या रांगेत आईवडिलांना घेऊन बसला होता. फिल्म थांबवून प्लेअरमध्ये स्टिरिओ निवडायला तीस सेकंद लागतात हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसरं, सबटायटल. मराठी सबटायटल फिल्मवर छापून येतात तेव्हा काही जुन्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी मोडते, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते, जोडाक्षरं सुटी होतात, शिखरचं शखिर होतं आणि प्रस्तरारोहण तर वाचवत नाही. ज्याने केलंय त्याला दिसत नाही कारण तो ऐकत असतो, वाचत नसतो. म्हणून सबटायटल वेगळ्या एसआरटी फाइलमध्येही, म्हणजे नुसता मजकूर आणि वेळा असलेल्या, मागून ठेवा, मोडलं असेल तर आपल्याला दुरुस्त करता येतं.

सगळ्या फाइलना आपलं नाव द्या, ०१, ०२ असं क्रमाने, पुढे फिल्मचं नाव, पुढे मिनिटं. "फायनल फायनल २" अशा नावाच्या चार फाइल आमच्याकडे एकाच वर्षी होत्या. सगळं दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, जुना फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल घेतच नाही. लॅपटॉप दोन. दोन्हीचं स्लीप बंद, नोटिफिकेशन बंद, वायफाय बंद. हे मी का सांगतोय तर एका वर्षी लिंगाण्याच्या माथ्यावरचा सूर्योदय चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात आमच्या बँकवाल्याच्या होमलोनचा हप्ता गेल्याचा मेसेज आला, रकमेसकट.

लॅपटॉप प्रोजेक्टरपासून लांब असेल तर साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे दगा देते, चित्र लुकलुकतं नाहीतर जातंच, त्यासाठी फायबरची केबल किंवा एक्स्टेंडर भाड्याने मिळतो, तो घ्या. पैसे वाचवायचे तर फुलांच्या हारात वाचवा.

आणि आदल्या रात्री त्याच हॉलमध्ये, त्याच लॅपटॉपवरून, सगळ्या फिल्म पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून बघा. सुरुवातीचा मिनिट बघून पुढे ढकलायचं नाही. एक जण शेवटच्या रांगेत, एक पहिल्या रांगेत, एक लॅपटॉपजवळ वही घेऊन, कुठल्या फिल्मला आवाज किती ठेवायचा ते लिहीत, कारण प्रत्येकाने आवाज वेगळ्या पट्टीत ठेवलेला असतो, एक कुजबुजतो आणि पुढचा कानाखाली वाजवतो. हॉलवाले आदल्या रात्रीचे वेगळे पैसे मागतात, द्या. एका हॉलने आम्हाला "सकाळी दोन तास देतो की" म्हणून गुंडाळलं आणि सकाळी तिथे शाळेचं बक्षीस वितरण चालू होतं.

कार्यक्रमाचं गणित असं करा. ७५ मिनिटांच्या फिल्म, मधे २० मिनिटं चहा, परत ५० मिनिटं. प्रत्येक फिल्ममागे टाळ्या आणि पुढची पाटी यात अर्धा-पाऊण मिनिट जातं, बारा फिल्म म्हणजे आठेक मिनिटं, ती कुणी धरत नाही. पहिली फिल्म हलकी, हसवणारी. सगळ्यात जड फिल्म मध्यंतराच्या जरा आधी, म्हणजे लोकांना बाहेर जाऊन बोलता येतं. शेवटची पाच मिनिटांच्या आतली, कारण तेव्हा लोकांचं लक्ष शेवटच्या लोकलवर किंवा पीएमटीवर असतं. भाषणं नको. पाहुणा बोलवायचाच असेल तर स्टेजवर खुर्ची टाकून कुणीतरी त्याला प्रश्न विचारायचे, दहा मिनिटं, हातात घड्याळ घेतलेला माणूस समोर बसवून. शाल-श्रीफळ बाहेर चहाच्या टेबलाशी दिलं तरी चालतं, कुणी नाराज झालेलं बघितलं नाही.

माणसांचं एकच तत्त्व, प्रत्येक कामाला दोन नावं. आपली माणसं ट्रेकर आहेत, ऐनवेळी कुणाला हिमालयातली जागा मिळते, कुणाला रेस्क्यूचा कॉल येतो, कुणाची बायको म्हणते आता बास. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवला म्हणजे होकार धरू नका, फोन करून विचारा. दारावर उभा राहणारा, घड्याळवाला, लॅपटॉपवाला, आणि जिन्यात-वाटेत कुणाला बसू न देणारा, या चौघांना दुसरं काहीही सांगायचं नाही. जिन्यातल्याला लोक शिव्या देतात, म्हणून तिथे जाडजूड आणि शांत माणूस ठेवा. आणि स्वयंसेवकांना जेवायला घाला, दुपारी पोहे-चहा, रात्री नीट जेवण, बजेटमध्ये पहिली ओळ हीच लिहा.

पैसे. फुकट पास ठेवले की निम्मे लोक येत नाहीत, शंभर रुपये नोंदणी ठेवली की येतात. दोर-बुटांची दुकानं भेटवस्तू देतात, रोख कमी देतात. दारू-तंबाखूवाल्यांचे पैसे आम्ही घेत नाही. सगळा हिशोब दुसऱ्या आठवड्यात ग्रुपवर, केबलच्या भाड्यासकट.

शेवटचं एक, हे आम्ही चौथ्या वर्षापासून सुरू केलं. फेस्टिवल झाला की त्यातल्या तीन-चार फिल्म घेऊन ज्या गावाच्या वर त्या शूट झाल्या तिथे जायचं. शाळेच्या पटांगणात पांढरी चादर ताणून बांधायची, खालून दगड बांधायचे नाहीतर वाऱ्याने कडा हलतो. इन्व्हर्टर स्वतःचा न्यायचा, जनरेटर असेल तर शाळेच्या मागे लांब ठेवायचा, आणि प्रोजेक्टरच्या उजेडावर किडे येतात म्हणून थोड्या अंतरावर एक मोठा बल्ब लावून ठेवायचा, ते तिकडे जातात. पूर्ण अंधार पडल्याशिवाय सुरू करायचं नाही.

पहिल्यांदा बेलपाड्याला गेलो, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या पायथ्याशी. कड्यावरच्या क्लाइंबिंगची फिल्म लावली. चढाई चालू असताना लोक शांतपणे बघत होते, जरा बोलतही होते, मग तो ड्रोनचा शॉट आला, ज्याच्यावरून मी फिल्म करणाऱ्याशी भांडलो होतो, चाळीस सेकंदांचा, कड्यावरून मागे मागे येत खाली गावावर येणारा. आणि एकदम सगळे उठून चादरीजवळ गेले. "थांबव, थांबव, मागं घे." कुणाचं कौल, कुणाचा गोठा, ती विहीर. एक आजी बोट लावून तिचं घर दाखवत होत्या आणि बोटाची सावली घरावरच पडत होती म्हणून त्यांना ते सापडेना. तो शॉट तीनदा लावला. चौथ्यांदा गोठ्याच्या जागी थांबवून ठेवला, लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत.

फॉर्ममधली दहा सेकंदांची अट यंदा काढून टाकलीय.